मनकर्णेचं धाकटं टोपलं

मनकर्णा आमच्या जठारपेठेत भाजी विकायला यायची. मोर्णेपलीकडे, बाळापूरच्या रस्त्याला तिचा मळा. नवरा पुंजाजी होता तोवर दोघं बरोबर यायची. त्याच्या डोक्यावर थोरलं टोपलं, हिच्या डोक्यावर धाकटं. जुन्या शहरातल्या बुरडाकडून तो मुद्दाम धाकटं विणून घ्यायचा, आणि त्यावरून आमच्या ओट्यावर दोघांची जुंपायची.

"मले काहून लहान? मी लेकरू आहो का?"

"तुही कंबर लहान आहे म्हनून," असं म्हणत तो टोपलं उचलून तिच्या डोक्यावरच्या फडक्याच्या चुंबळीवर ठेवायचा आणि म्हणायचा, "चाल." स्वतःचं मात्र गुडघ्यावर टेकवून एकटाच डोक्यावर घ्यायचा.

सत्तावन्न साली पुंजाजी विषमज्वरानं गेला. दिवस झाल्यावर मनकर्णा आली ती थोरलं टोपलं घेऊन, आणि तेही त्याच्यासारखंच गुडघ्यावरून चढवून. मी म्हटलं, "अगं, आपलं धाकटं आण."

"त्याईचं टोपलं घरी रिकामं पायवत नाही, बाई."



चार वर्षांत तिची कंबर धरली. दीर खुशालराव टपलेलाच होता. "वैनीची कंबर गेली, मळा आता मी पायतो," असं चारचौघांत सांगत सुटला. मळ्यासोबत तिचा रोजचा रस्ताही गेला असता, आणि त्या रस्त्यावर तिला अजून पुंजाजी पुढं चालताना दिसायचा. भाजी निवडता निवडता ती हे सांगायची. शेवटी मीच तिला कमरेचा एक्स-रे काढायला मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या पोरसवदा डॉक्टरनं तिचा फोटो उजेडाला धरला, शेजारी एका धडधाकट माणसाचा धरला आणि मान हलवली. "मणक्यांमधल्या गाद्या झिजल्यात. याच्यापेक्षा केवढ्या लहान दिसतात बघा. ओझं कायमचं बंद."

मनकर्णेचा चेहरा पार उतरला. एवढ्यात अमरावतीहून येणारे म्हातारे डॉक्टर डोकावले.

"अहो, तो पुरुषाचा फोटो आहे! बाईच्या गाद्या निरोगी असल्या तरी लहानच असतात, रुंदीलाही आणि उंचीलाही. हिच्या उत्तम आहेत. ओझ्यानं स्नायू दुखावलेत. महिनाभर आराम, मग बेतानं उचलू दे."

मळा वाचला म्हणून मी हसून तिच्याकडे पाहिलं, तर बाई रडत होती. "मंग त्याईचं खरं होतं. मी उगीच भांडत होती."

महिन्यानं ती आली ती धाकटं टोपलं घेऊन. सकाळी मळ्यात शेजारणीनं चढवून दिलं होतं. भाजी दिली, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि पायाशी ठेवलेल्या टोपल्याकडे बघत नुसती उभी राहिली.

"उचल की. हलकं तर आहे."

"थोरलं येते उचलता, बाई. हे मी कधी सोताच्या हातानं चढवलंच नाही."

मी ओट्यावरून खाली उतरले. वकिलाची बायको माळिणीला टोपलं चढवून देते म्हणून बघणाऱ्यांनी खुशाल बघावं. मी ते तिच्या डोक्यावर ठेवलं. तिनं डोळे मिटले.

"जरासं डावीकडे," ती म्हणाली. मी सरकवलं. तरी ती हलेना. मग माझ्या लक्षात आलं.

"चाल," मी म्हटलं.

ती तशीच उभी राहिली, पुंजाजीनं थोरलं टोपलं चढवून पुढं व्हावं म्हणून थांबल्यासारखी.