सरपणाची गस्त

आमची बटालियन शांतिसेनेत आफ्रिकेतल्या एका देशात गेली, तेव्हा माझी सोळा वर्षं सर्व्हिस झाली होती. रँक हवालदार, ट्रेड नर्सिंग असिस्टंट. रिटायर होऊन गावी, बोरीला आल्यापासून लोक विचारतात, "फौजी, किती मारले?" मी एकही मारला नाही. माझं काम मलमपट्टीचं. त्यातही एकदा मोठी चूक झाली. तीच सांगतो.

कंपनीची पोस्ट टेकडीवर होती. खाली दीड किलोमीटरवर लढाईमुळे गावं सोडून आलेल्या लोकांची छावणी. धान्य ट्रकनं यायचं, सरपण यायचं नाही. ते जंगलात होतं, आणि जंगलात बंदूकवाल्या टोळ्या होत्या. सरपणाला गेलेल्या बायांना त्या गाठायच्या, अत्याचार करायच्या. पहिल्याच ब्रीफिंगमध्ये मेजरसाहेब म्हणाले, "ही दारू पिऊन केलेली मस्ती समजू नका. लोकांनी जमीन सोडून पळावं म्हणून हे ठरवून करतात. थांबवणं ही आपली ड्यूटी आहे."

म्हणून सरपणाची गस्त. सोमवार आणि गुरुवार. ०६३० ला छावणीच्या फाटकावर हेडकाउंट, ०७०० ला मूव्ह, १०३० ला परत. दोन गाड्या, सोळा जवान, गस्तीचे प्रमुख सुभेदारसाहेब, मी आणि दुभाषी अजेलीन. अजेलीन तिथलीच, पंचेचाळिशीची. लढाईआधी सुईणीचं काम करायची. आमच्या मुक्कामात मोडकंतोडकं हिंदीही शिकली होती. मी तिला एकदा विचारलं, पुरुष का जात नाहीत सरपणाला?

"माझा नवरा गेला तर त्याला पुरावं लागतं," ती म्हणाली. "मी गेले तर चूल पेटते."



हेडकाउंट लान्स नायक सुभाष घ्यायचा. पाथरीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. बोट न दाखवता नुसत्या नजरेनं मोजायचा, आणि त्याचा आकडा कधी चुकला नाही. मी म्हणायचो, लिहून ठेव. तो म्हणायचा, "उस्ताद, मोजलेलं इसरत न्हाई मी."

त्या गुरुवारी बेचाळीस बाया गेल्या. १०१५ ला मोळ्या बांधून उभ्या राहिल्या तेव्हा एकेचाळीस होत्या.

सुभाषनं पुन्हा मोजलं. एकेचाळीसच. अजेलीननं बायांना विचारलं. एकीनं ओढ्याकडं हात केला. पाणी प्यायला गेली होती, बराच वेळ झाला.

सुभेदारसाहेबांनी वायरलेस सेट उचलून पोस्टला कळवलं. "चार्ली, हेडकाउंट एक शॉर्ट. पार्टी ओढ्याकडे पाठवतोय. ओव्हर." मग सुभाषला म्हणाले, "पाच जवान घे. ओरडत जा. आपण येतोय हे त्यांना कळू दे."

ते ओरडत गेले. ओढा चारशे मीटरवर. आधी एक फायर ऐकू आला, मग बरेच. तिथं तिघं होते. बाईला सोडून पळताना त्यांनी गोळ्या झाडल्या. आमच्या पार्टीनं उलट फायर केला, पण ते झाडीत घुसले. सुभाषला काखेखाली लागली होती. तिथं बुलेटप्रूफ जॅकेटची प्लेट नसते.

१०३४ ला त्याला माझ्याकडं आणलं. हॉस्पिटल पन्नास मिनिटांवर. गाडीत मी, सुभाष, अजेलीन आणि ती बाई. माझे दोन्ही हात जखमेवर दाबलेले होते. सलाईनची बाटली धरायला कुणीतरी हवं होतं. अजेलीननं सुभाषचं डोकं मांडीवर घेतलं होतं. त्या बाईनं न सांगता बाटली घेतली आणि उंच धरली.

"उस्ताद, ती घावली का?" सुभाषनं विचारलं.

"घावली. हितंच हाय."

त्यानं मान हलवली.  १११२ ला नाडी थांबली. मी वेळ लिहिली. बाई बाटली तशीच धरून होती. अजेलीननं तिच्या हातातून सोडवून घेतली.

तिच्या गळ्यावर ओरखडे होते. खांद्यावरचं कापड फाटलेलं होतं. मी ते पाहिलं होतं. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, सिव्हिलियन एक, महिला, सुखरूप. दुपारी गाडीनं तिला छावणीत सोडलं.

शनिवारी १६०० वाजता अजेलीन मेडिकल तंबूत आली.

"तिला गोळ्या दिल्या?"

"तिला कुठं काय लागलं होतं?"

अजेलीननं स्वतःच्या गळ्यावरून बोट ओढून दाखवलं. मग मला कळलं. अशा बाईसाठी आमच्याकडं वेगळं किट होतं. एचआयव्हीचा संसर्ग टाळायच्या गोळ्या बहात्तर तासांच्या आत सुरू कराव्या लागतात. चोपन्न होत आले होते. किट माझ्या पाठीमागच्या पेटीत पडून होतं.

ती बाई तंबूत यायला तयार नव्हती. तंबू छावणीच्या फाटकासमोर, बाहेर कायम रांग. आत गेलेली बाई सगळ्या छावणीला दिसायची. नवऱ्याला कळलं तर घराबाहेर काढील, ही तिची भीती. अजेलीन म्हणाली, "सगळ्याच बायांना बोलव. मग कुणाला कळणार नाही."

मेजरसाहेबांनी हॉस्पिटलला सेटवर कळवलं. रविवारी ०७०० ला लेडी डॉक्टर आल्या. सगळ्या बाया याव्यात म्हणून लेकरांच्या तपासणीचा कॅम्प लावला. मी बाहेर वजनं करत बसलो. आत अजेलीन आणि डॉक्टर. ०७४० ला त्या बाईनं पहिली गोळी घेतली. अडीच तास उरले होते.

मी अजेलीनला म्हणालो, "माझी चूक झाली म्हणून सांग तिला."

"तुझ्या माफीचं ती काय करील?" अजेलीन म्हणाली. "पुढची बाई आली की आधी मला हाक मार."

नंतर गस्तीचे वार बदलते ठेवले. जंगलात पोचल्यावर आधी ओढ्यावर जवान बसायचे, मग बाया मोळ्या बांधायच्या. तंबूला मागून दार केलं. आमच्या गस्तीत पुन्हा हेडकाउंट शॉर्ट झाला नाही. गस्त नसलेल्या दिवशीही चुली पेटायच्या, म्हणजे बाया एकट्याच जंगलात जायच्या. त्या दिवसांनंतर मागच्या दारानं बाया यायच्या. मी अजेलीनला हाक मारून बाहेर जाऊन उभा राहायचो.

रिटायर झाल्यावर पहिल्याच महिन्यात सुभाषच्या घरी गेलो. कागदावर एन्काउंटर लिहिलेलं होतं, तेवढंच त्याच्या आईला ठाऊक. बाईचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. जेवढं झालं तेवढं सगळं, माझी चूकसुद्धा.

माय शेळीच्या पाठीवरून हात फिरवत बसली होती.

"त्यो पोचला तवा उशीर झालता का?"

"झालता, माय."

"जगली ना पर ती?"

"जगली. मी निघालो तवा सरपणाला जायलीवती."

"नाव काय तिचं?"

"ते न्हाई सांगता येत. तिला इचारल्याबिगर कुणालाच सांगायचं न्हाई, असा नेम हाय."

"बराबर हाय," माय म्हणाली. "मलाबी नको सांगू."

मग तिनं चहा ठेवला.

त्या बाईचं नाव मी आजवर कुणाला सांगितलं नाही. सुभाषचं सांगतो. लान्स नायक सुभाष मारोती शिंदे. वय सत्तावीस. एक बाई कमी आहे, हे पहिल्यांदा त्याला कळलं होतं.