आज उजेड बरोबर नाही

माझ्या बायकोच्या मामांइतका चिवट माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात सापडणार नाही. हे मी सांगतोय, ज्याने फुटपाथवर काचा कापत खोपटच्या एसटी डेपोसमोर स्वतःचं फ्रेमचं दुकान उभं केलं, ज्याच्याशी घासाघीस करताना भलेभले व्यापारी पाणी मागतात. मामांपुढे मात्र माझी अकरा वर्षं फुकट गेली.

मामा डोंबिवलीचे. जन्मभर छापखान्यात मशीनवर होते. छापखाना बंद झाला तेव्हा मालकाने त्यांना एक जुनं जपानी चित्र दिलं, लाकडी ठशांनी छापलेलं. हातात छोट्या घंटांचा झुपका घेऊन देवळात नाचणारी मुलगी, पांढरा अंगरखा, खाली लाल घागरा. तो लाल रंग एका जागी तिळाएवढा रेषेबाहेर गेलाय. मला ते दुकानाच्या दर्शनी भिंतीवर हवं होतं.

पण मामांकडे नुसतं बघायचेसुद्धा नियम. फक्त रविवारी, सकाळी, खिडकीशी. हात साबणाने धुवायचे, पंख्याखाली वाळवायचे. रुमालाला पुसले तर धागे चिकटतात. चपला दाराबाहेर हे ठीक, पण मी मोज्यांवर उभा राहिलो तर ओरडले, "मोजे काढा जावईबापू, ती देवासमोर नाचतेय!" आणि एवढं सगळं करून मी विषय काढला की ठरलेलं उत्तर, "आज उजेड बरोबर नाही. पुढच्या रविवारी बघू." गॅस सिलिंडरवाल्याला मात्र हात धुवायला लावून भर बुधवारी दाखवलं!

एकदा माझं डोकं फिरलं. "मामा, फुकट मागत नाहीये. आणि रंग बाहेर गेलाय, डागी माल आहे हा!"

"म्हणूनच ठेवलंय," मामा शांतपणे म्हणाले. "इथे छापणाऱ्याचा हात हलला. लग्नपत्रिकेत माझा हलला, तर मालकाने सगळ्यांदेखत गठ्ठा अंगावर फेकला. याचं बघा, लोकांनी किती वर्षं जपलं."

मी चहा न घेता तीन मजले उतरलो.

यंदा मामांची नजर गेली. डॉक्टरांनीही हात टेकले. गेल्या महिन्यात त्यांनी स्वतःहून बोलावलं. मी हात धुतले, वाळवले, मोजे काढले. त्यांनी चाचपडत चित्र माझ्या हातात दिलं.

"तो लाल अजून बाहेरच आहे ना?"

"आहे, मामा."

"मग घेऊन जा. मला काय उपयोग आता?"

खिडकीत लख्ख ऊन होतं.

"आज उजेड बरोबर नाही," मी म्हणालो. "पुढच्या रविवारी बघू."

सिलिंडरवाल्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. पण दर रविवारी मी अनवाणी उभा राहून मामांना ती मुलगी घागऱ्यापासून घंटांपर्यंत सांगतो, आणि उजेड काही केल्या बरोबर येत नाही.