गाईच्या नावानं गाठ

हिंगणघाटात आम्ही फ्लॅटमध्ये राहायला गेलो, दोन हजार सालच्या आसपास, तेव्हा खाली दोन टोपल्या ठेवल्या होत्या. एकीत ओलं टाकायचं, एकीत कोरडं. पण उरलेली पोळी, भात कोणी त्यात टाकेना. अन्न कचऱ्यात कसं टाकायचं, ते गाईचं. बरोबर आहे, मलेही आईनं तेच शिकवलं. पण माझी आई गाईच्या तोंडाशी जाऊन द्यायची. इथं खाली कोण उतरते? कॅरीबॅगेत भरलं, घट्ट गाठ मारली, अन् गॅलरीतून कंपाउंडच्या भिंतीपलीकडं टाकून दिलं. वरून हात जोडले. आता गाय काय गाठ सोडून खाते?

मागच्या वस्तीतली गवळीण आम्हाला दूध घालायची. तिची एकच दुभती गाय त्या भिंतीमागंच चरायची. पोळ्याचा सण झाला, घरोघरचं पुरण उरलं, अन् गाईचं पोट फुगलं. चारा सोडला. जनावराच्या डॉक्टरनं पोट चिरलं तेव्हा मी तिथं होती. पिशव्यांचा गोळा निघाला. काहींच्या गाठीही सुटल्या नव्हत्या.

"जगते ना वो काकू?" गवळीण मलेच विचारून राह्यली होती.

नाही जगली.

बिल्डिंगीतल्या बाया जिन्यात 'बिचारी, बिचारी' करत होत्या. अन् दुसऱ्या दिवशी भिंतीमागं पाहते तर ताज्या पिशव्या. असा संताप झाला मले. घरातलं घमेलं नेऊन गेटजवळ ठेवलं अन् दारोदार सांगितलं, पोळी याच्यात मोकळी टाका, पिशवी कोरड्या टोपलीत.

सेक्रेटरी आले. "काकू, गेटवर बरं नाई दिसत. पाहुणे येतात."

"अन् भिंतीमागं बरं दिसते काय?"

"ती जागा आपली नाई ना."

"गाय तरी आपली कुठं होती, भाऊ? मारली ना पण."

ते निघून गेले. घमेलं मी हलवलं नाही. अर्ध्या घरांनी ऐकलं, अर्ध्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं.

गवळीण जिनिंगच्या कारखान्यात कापूस वाहायला लागली. आमच्याकडं मग दूध पाकिटाचं आलं, अन् ती रिकामी पाकिटंही लोक भिंतीपलीकडंच टाकू लागले.