बत्तीशीचा हंगाम

आमच्या भावोजींना सायकल येत नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे मी त्यांच्या सायकलपटूंच्या संघाबद्दल बोलणार आहे आणि लोकांचा उगाच गैरसमज होतो. का येत नाही म्हणून विचारलं की म्हणायचे, "मेव्हणीबाई, दोन चाकांवर माणूस उभा राहतो, यावर माझा विश्वासच बसत नाही."

ते कवळ्या बनवायचे. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं काम चाले. खिडकीपाशी लांब टेबल, त्यावर प्लास्टरचे साचे, मेणाच्या पट्ट्या, स्पिरिटचा दिवा, आणि वरच्या फळीवर रंगाच्या छटांप्रमाणे लावून ठेवलेले दात. तापलेल्या मेणाचा वास त्या घराच्या पडद्यांनासुद्धा होता. नव्या माणसाला त्या खोलीत चहा घशाखाली उतरत नसे. मी मात्र दातांच्या शेजारी बशी ठेवून खुशाल बिस्किटं खायचे.

ताई माझी थोरली बहीण. ती घरोघर जाणारी नर्स होती आणि तिची सगळी फिरती सायकलवरून व्हायची. कुठला चढ दम काढतो, कुठल्या वळणावर वारा आडवा येतो, हे तिला पाठ होतं. लग्नाच्या आधीपासूनच ती भावोजींना डबलसीट घेऊन जायची. ते मागे कॅरिअरवर, मांडीवर कवळ्यांचा डबा, डोळे घट्ट मिटलेले. जाता जाता ती त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे माल द्यायला सोडायची आणि पुढे आपल्या कामाला जायची. गल्ली दात काढून हसायची. आई लाजेनं अर्धी व्हायची. ताईला त्याचं काही म्हणजे काही नव्हतं. चढावर मागे वळून ओरडायची, "अहो, श्वास तरी घ्या! मी काही पाडत नाही तुम्हाला!"

तिच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. मोठमोठे डॉक्टर तिच्याशी जपून बोलायचे. भावोजी मात्र तिची बोलणी खाताना असे काही खुश दिसायचे, की पाहणाऱ्याला वाटावं यांचं कौतुक चाललंय.

मग ताईला झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एकदम गेली. हातपाय हळूहळू थोडे वळायला लागले, पण वाचा काही येईना. समजत सगळं होतं. स्पीच थेरपीच्या बाई यायच्या, चित्रांची कार्डं समोर धरायच्या: मांजर, छत्री, किल्ली. ताई मान फिरवायची. जिनं आयुष्यभर लोकांची तोंडं बंद केली, तिनं आता छत्रीला छत्री म्हणून दाखवायचं? मला तिचा राग कळत होता. पण एक दिवस त्या बाई भावोजींना दाराबाहेर घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "त्यांनी प्रयत्नच सोडलाय. असंच चाललं तर जे परत येऊ शकतं, तेही येणार नाही."

भावोजी आत आले आणि कामाला बसले. त्या दिवशी त्यांच्या हातून साचा बिघडला. त्यांच्या हातून साचा बिघडलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

त्यांच्या मुलीचा जुना कॉम्प्युटर त्याच खोलीत कोपऱ्यात पडून होता. ती नोकरीसाठी परगावी गेली होती, आणि त्यात तिचा एक खेळ तसाच राहिला होता. त्या खेळात आपण सायकल शर्यतींच्या संघाचे मॅनेजर व्हायचं. खेळाडू निवडायचे, कुणी पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, कुणी पाणी आणायचं, कुणी शेवटी झेप घ्यायची, ते ठरवायचं. पडद्यावरची चिमुकली माणसं त्याप्रमाणे पेडल मारत सुटायची. प्लास्टर वाळेपर्यंत वेळ जावा म्हणून भावोजींनी तो सुरू केला. संघाचं नाव ठेवलं बत्तीशी. घाट चढणारा हडकुळा होता त्याचं नाव सुळा. सपाटीवर सुसाट जाणारा आडदांड होता तो दाढ. नवखा होता तो पटाशी. आणि निवृत्तीला टेकलेला एक होता, तो संघात सगळ्यांच्या शेवटी आला म्हणून अक्कलदाढ.

मी भयंकर चिडले. दुपारची ताईला भरवायला मी जायचे, आणि हे गृहस्थ कॉम्प्युटरचा उंदीर हलवत बसलेले. "बायको अशी खुर्चीत बसलीये आणि तुम्ही पोरखेळ मांडलाय?" असं मी तोंडावर म्हटलं. आजही म्हणेन की त्या दिवशी मी चिडले ते बरोबरच होतं. दिसत होतं तेवढंच मला दिसत होतं.

खेळातलं वर्ष संपलं तेव्हा भावोजींनी रीतसर आढावा बैठक बोलावली. म्हणजे ते, ताई आणि मी. इस्त्रीचा शर्ट घातला होता. ताईची खुर्ची पडद्यासमोर ओढली होती, मला स्टुल मिळालं. भावोजी उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "सभासदहो, आपला संघ शेवटून पहिला आला आहे."

ताईनं डावा हात कपाळाला लावला.

"आता क्रमानं घेऊ. पहिली शर्यत, समुद्रकाठची."

ती मला चांगली आठवत होती. वारा समुद्राकडून येत होता आणि भावोजींनी आपली सगळी माणसं नेमकी समुद्राच्या बाजूला, एकामागे एक न ठेवता पसरून ठेवली. आडोसा कुणालाच नाही. बिचारा सुळा पाचोळ्यासारखा मागे पडत चालला. मी खिमट भरवत होते, चमचा ताईच्या तोंडाजवळ होता. तिनं तो डाव्या हातानं उडवला आणि घशातून, अडकत, घासत, एक शब्द बाहेर आला: "वारा!" झटक्यानंतरचा तिचा पहिला शब्द. मी खिमट अंगावर घेऊन रडत बसले. भावोजी पडद्याकडे बघत राहिले आणि अगदी साधेपणानं म्हणाले, "हो का? वारा आहे का?"

"दुसरी शर्यत," भावोजी पुढे सरकले. "खडबडीत रस्त्याची. दाढ पंक्चर झाला. मॅनेजरनं अख्ख्या संघाला त्याच्यासाठी थांबवलं."

"सोडा," ताई खुर्चीतून म्हणाली. त्या दिवशीही ती हेच ओरडली होती: "सोडा! सोडा त्याला!"

"बरोबर. सोडायला हवं होतं. तिसरी, घाटाची. तिथे मॅनेजरनं दाढेला सगळ्यांच्या पुढे चढावर पाठवलं."

दाढेचं वजन एखाद्या कपाटाएवढं. पहिल्याच वळणावर तो असा काही थकला की प्रेक्षकांनी त्याला ढकलत नेलं. "दाढ? घाटात?" ताईनं तेव्हा विचारलं होतं, आणि मग मोठ्या कष्टानं, एकेक अक्षर उचलून ठेवल्यासारखं, "अक्कल... कुठे... ठेवली?" भावोजींनी गंभीरपणे सांगितलं होतं, "अक्कलदाढ आज विश्रांतीवर आहे." ताईला हसू आलं. तोंड एका बाजूनंच हसलं, पण हसलं.

आणि मग ती मोठी, अनेक दिवस चालणारी शर्यत. उन्हाचा टप्पा होता आणि भावोजी पाण्यासाठी कुणाला मागे पाठवायलाच विसरले. पटाशी गटातून सुटून एकटा पुढे पळत होता, जिंकायच्या बेतात होता, आणि शेवटच्या चढावर कोसळला. ताई लाल झाली. "पाणी... कोण देणार? तुमचा... तुमचा..." आणि शब्द अडला. ओठ हलत होते, डोळ्यांत पाणी आलं होतं. मला तो शब्द पुरवायचा होता, मी तोंड उघडलं, तोच भावोजींनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवला. चांगला जोरात. आम्ही थांबलो. पॉलिशचं मशीन चालू होतं, तेही त्यांनी बंद केलं. "तुमचा... सासरा?" ताई एकदम म्हणाली. सासरा म्हणजे आमचेच बाबा. तिघंही पोट धरून हसलो.

आढाव्यात ते सगळं पुन्हा ऐकताना मला पहिल्यांदाच बरं वाटत होतं. आता ताई रोज काही ना काही बोलत होती. थेरपीच्या बाईंसमोर नाही, कार्डांसमोर तर नाहीच. फक्त त्या पडद्यासमोर.

"तर शेवटी संघमालकांचा अभिप्राय," भावोजी म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं. "तो वाचून सभा संपवू आणि नव्या हंगामाला लागू."

पडद्यावर चौकट आली. ती वाचताना त्यांचा चेहरा उतरत गेला. मी वाकून बघितलं. मालकांनी मॅनेजरला काढून टाकलं होतं. बत्तीशी दुसऱ्याकडे गेली होती. खाली एकच बटण उरलं होतं: खेळ समाप्त.

भावोजी मटकन बसले. एवढ्या तेवढ्या गोष्टीनं हलणारे गृहस्थ नव्हते ते. "असं काही असतं, हे मला माहीत नव्हतं," ते पुटपुटले. "हरायचं होतं, पण काढून टाकतील हे... मी सगळं वाचलं होतं गं. वारा, आडोसा, घाट, पाणी. मुलीकडून पुस्तकं मागवली. कुठे चुकलं की तिला राहवणार नाही, तेवढं शोधून काढायचो. आता काय करू? आता ती कशावर बोलेल?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि त्याच क्षणी मी ताईकडे बघितलं, कारण हे सगळं ते तिच्यासमोर बोलून बसले होते. तिला फसवून बोलतं केलं, हे कळल्यावर ही मानी बाई पुन्हा तोंड मिटून घेईल, आणि मग देवसुद्धा उघडू शकणार नाही.

ताई पडद्याकडे बघत होती. मग सावकाश बोलायला लागली. मधे मधे अडली, एकदा चुकीचा शब्द आला तो हातानं पुसल्यासारखा बाजूला केला. आम्ही दोघांनीही मदत केली नाही.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "मूर्ख माणूस... तीच चूक... परत करतो. तुम्ही... दर वेळी... नवीन."

भावोजी खाली मान घालून बसले होते.

"मग तरी का बोललीस?" त्यांनी विचारलं.

"एवढं... मेहनतीनं... हरत होता," ताई म्हणाली. "गप्प... कशी बसू?"

भावोजी रडले. आमच्या घरात पुरुष रडताना मी पाहिला नव्हता, त्यामुळे काय करावं ते न सुचून मी दातांचे ट्रे नीट लावत बसले. ताईनं डाव्या हातानं त्यांच्या पाठीवर एक थाप मारली, मायेची कमी आणि वैतागाची जास्त.

"दुसरा संघ... घ्या," ती म्हणाली. "आणि आता... जिंका. बास झालं."

खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतो, हे त्या दोघांना मी दाखवलं. बत्तीशी गेली, म्हणून नव्या संघाचं नाव पडलं कवळी. गंमत म्हणजे आता भावोजी मनापासून जिंकायला बघत होते आणि तरी हरत होते, कारण पुस्तकातलं सगळं येऊनही ऐन वेळी त्यांचा धीर सुटायचा. कुणी एकटा पुढे निघाला की त्यांना भीती वाटायची, तो पडेल म्हणून. मग ताईनं हळूहळू सगळा कारभार ताब्यात घेतला. ती सांगायची, ते उंदीर हलवायचे. पुढे ती डाव्या हातानं स्वतःच हलवायला लागली आणि ते बाजूला बसून कवळीला मेण लावत चुकीचे सल्ले द्यायचे. काही शब्द तिला शेवटपर्यंत सापडले नाहीत, पण शिव्या सगळ्या सापडल्या. त्या दुपारी आठवल्या की मला अजून त्या खोलीत जाऊन स्टुलावर बसावंसं वाटतं. एवढं हसणं आमच्या तिघांच्या तरुणपणीही झालं नव्हतं.

भावोजी गेले ते झोपेत गेले. कुणाला त्रास नाही, आजार नाही. टेबलावर अर्धी झालेली एक कवळी होती, ती दुसऱ्या कारागिराकडे पाठवून पुरी करून घेतली.

ताई खेळत राहिली. तिचा संघ आता मोठमोठ्या शर्यती जिंकतो. परवा मी गेले तेव्हा हंगाम संपला होता आणि पडद्यावर कवळी पहिल्या नंबरावर होती. मालक खुश, सगळीकडे टाळ्या. ताई एक अक्षर बोलत नव्हती. चहा झाला का विचारलं, तर मान हलवली. शेजारीण येऊन गेली, तिलाही मान हलवली. हे गेले कित्येक दिवस असंच चालल्याचं शेजारणीनं मला दारात सांगितलं.

मी आत आले, खुर्ची ओढली आणि तिच्या हातातला उंदीर काढून घेतला. नव्या हंगामाची पहिली शर्यत लावली. निघाल्या निघाल्या सगळ्या संघाला जीव तोडून पळायला सांगितलं, म्हणजे शेवटपर्यंत कुणाच्याच पायात काही उरू नये. अर्ध्या रस्त्यात कवळीचे गडी एकेक करून मागे पडायला लागले. मी ताईकडे न बघता वाट बघत राहिले.

मग तिनं माझ्या हातावर आपला हात ठेवला.

"राहू दे गं," ती म्हणाली. "तुला नाही जमायचं. ते फार सुंदर चुकायचे."