दोघांचं पापनिवेदन

"याला अफेजिया म्हणतात," वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. "मेंदूची रक्तवाहिनी बंद पडली. त्यांना सगळं समजतं, पण शब्द सापडत नाहीत." लवकर आणलं असतं तर, असं मी विचारलं. तसं सांगता येत नाही, म्हणाले.

माझे यजमान जोसेफ हिंगणीला सुतारकाम करायचे. उजवा हात गेला. बोलणं वेडंवाकडं झालं; भूक लागली तर दार म्हणायचे. कोणत्या शब्दाचा काय अर्थ, ते फक्त मलाच कळायचं.

ईस्टरच्या आधी फादर घरी आले. यांना पापनिवेदन करायचं होतं, म्हणजे फादरांपुढे आपली पापं कबूल करायची होती. ते एकांतात असतं, म्हणून मी अंगणात जाऊन थांबले. थोड्या वेळानं फादरांनीच बोलावलं. नुसती मान हलवली तरी चालतं, असं त्यांनी समजावलं होतं, पण हे ऐकेनात. यांना सांगायचंच होतं. यांची संमती घेऊन फादर मला म्हणाले, "बाई, तुम्ही अर्थ सांगा. पण इथलं काही बाहेर जाता कामा नये. जे बंधन मला, तेच तुम्हाला."

ते बंधन मी आजही पाळते. इतकंच सांगते, एकेक शब्द काढताना यांना घाम फुटला होता, आणि क्षमेची प्रार्थना झाल्यावर चेहरा निवला.

मला राहवलं नाही. "फादर, माझंबी घ्या," मी म्हणाले. एकांतासाठी ते ओसरीकडे निघाले. "नाई, याइच्यासमोरच," म्हणून मी गुडघ्यांवर बसले.

मी सांगितलं, यांना झटका आला त्या दिवशी आमचं भांडण झालं होतं. सकाळी यांच्या हातून कप पडला, तोंड वाकडं दिसलं. मला वाटलं, मुद्दाम करून राह्यले. यांनी मारलेली हाक ऐकूनही मी बहिणीकडे देवळीला निघून गेले. परतले तेव्हा ऊन उतरलं होतं, आणि हे जमिनीवर पडलेले. डॉक्टरांना सांगितलं, मी निघाले तेव्हा धडधाकट होते.

सगळ्यात वाईट शेवटी सांगितलं. डॉक्टरांनी रोज शब्द म्हणवून घ्यायला सांगितलं होतं. मी टाळत आले. यांची वाचा परत आली तर खरं बाहेर येईल, ही भीती.

फादरांनी क्षमा दिली. मी यांच्याकडे वळून विचारलं, "तुमाले मालूम होतं?"

"हो," हे म्हणाले, आणि डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

घरी रोगी असेल आणि मनात असं काही दडलं असेल, तर सांगून टाका. यांचं बोलणं पूर्ण कधीच आलं नाही. पण दुसऱ्या सकाळपासून मी समोर बसून शब्द म्हणवून घेऊ लागले. पहिल्यांदा माझं नाव नीट आलं, तेव्हा ते ऐकायची मला भीती वाटली नाही.