हेर वेबर यांच्या सँडविचमधला पारा

"तुमचं मशीन खोटं बोलतंय," हेर वेबर म्हणाले.

"मशीन खोटं बोलत नाही," मी म्हटलं. "माणसं बोलतात."

हे वाक्य मला पुढे चांगलंच भोवलं. तेव्हा मात्र आपण काय झकास बोललो असं वाटलं होतं.

आम्ही जर्मनीतल्या पफाल्झच्या डोंगरात, पाऱ्याच्या एका जुन्या खाणीच्या तोंडाशी उभे होतो. मी भूशास्त्रज्ञ. शिकले पुण्यात, आता फ्रँकफर्टच्या एका छोट्या फर्मसाठी बंद खाणी तपासत हिंडते. हेर वेबर, म्हणजे आपले वेबरसाहेब, पंचाहत्तरीचे. त्यांचे आजोबा याच खाणीत कामाला होते. खाण बंद पडून जमाना झाला. पण गावातल्या म्हाताऱ्यांनी एक फेराइन, म्हणजे आपलं मंडळ, काढलं आणि कित्येक वर्षं राबून एक बोगदा लोकांना बघता येईल असा साफ केला. शनिवारी उद्घाटन होतं. खाणखात्याला फक्त आमचा रिपोर्ट हवा होता.

पाऱ्याची खाण म्हटलं की लोकांना वाटतं, आत थर्मामीटर फुटल्यासारखे थेंब लोळत असतील. क्वचित असतातही. पण मुख्य खनिज म्हणजे एक लाल दगड, हिंगूळ. त्यात पारा आणि गंधक एकत्र असतात. डायनासोरच्याही आधी इथे ज्वालामुखी होते. त्या उष्णतेने तापलेलं पाणी भेगांतून वर आलं, येताना पारा घेऊन आलं आणि भेगांत ठेवून गेलं. कामगार तो दगड भट्टीत भाजायचे. निघालेली वाफ थंड केली की पारा मिळायचा. उरलेला चोथा बाहेर ढीग करून टाकायचे. त्या चोथ्यात थोडा पारा राहतोच.

बोगद्यातली हवा मी आधीच्या आठवड्यात तपासली होती, ती ठीक होती. राहिली होती पार्किंगपासून बोगद्यापर्यंतची नवी पायवाट. तिच्यावरची खडी मंडळाने स्वतः पसरली होती. लांबच्या दगडखाणीतून मागवली, असं वेबर सांगत होते. माझी गन सांगत होती की खडीत पारा आहे.

गन म्हणजे हातात धरायचं एक्सआरएफ मशीन. दिसायला ड्रिलसारखं. त्याचं नाक दगडाला टेकवायचं, ट्रिगर दाबायचा. नाकाच्या पातळ फिल्ममधून एक्स-रे जातात, आणि दगडात कोणती मूलद्रव्यं किती आहेत ते स्क्रीनवर दिसतं. मी दहा ठिकाणी टेकवलं. दहाही ठिकाणी पारा.

मला अर्थ उघड दिसत होता. म्हाताऱ्यांनी लांबून खडी आणायचा कंटाळा केला आणि मागच्या ढिगातून चार ढकलगाड्या भरून आणल्या.

"मी त्या ढिगाला हात लावलेला नाही," वेबर म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण कान लाल झाले होते. "त्यातला पारा माझ्या आजोबांच्या हातापायांत उतरला होता. चमचा धरता यायचा नाही त्यांना. तो चोथा मी शाळेच्या पोरांच्या पायाखाली टाकेन?"

मी सरळ बॉसला फोन लावला. आमच्या बॉस फ्राउ हार्टमान, शांत बाई.

"पायवाटेवर पारा आहे. शनिवारचं रद्द करावं लागेल."

"ब्लँक किती आला?"

ब्लँक म्हणजे शुद्ध क्वार्ट्झची पांढरी चकती. तिच्यात काही नसतं, म्हणून रोज सुरुवातीला आधी ती मोजायची. ती शून्य आली तरच पुढचे आकडे खरे.

"तो... घरी राहिलाय. काल दुपारी ऑफिसात घेतला होता, काल व्यवस्थित होता. म्हटलं एक दिवस चालतंय."

"आल्झो, बरं," त्या म्हणाल्या. "मग ज्यात पारा असूच शकत नाही, असं काहीतरी मोज."

मी इकडेतिकडे पाहिलं. वेबर बाकावर बसून डबा उघडत होते. त्यांचं लिव्हरवुर्स्टचं, म्हणजे कलेजीच्या सॉसेजचं, सँडविच मी मागून घेतलं, स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, गन टेकवली.

सँडविचमध्ये पारा निघाला. खडीत होता तेवढाच.

वेबर यांनी वाकून स्क्रीन पाहिली. "हे सँडविच मी पन्नास वर्षं खातोय," ते म्हणाले.

मग मला सकाळ आठवली. आदल्या दिवशी मी मशीन घरी नेलं होतं, आणि आज खंडेनवमी. सासूबाई नाशिकहून आलेल्या. सकाळी मी डबा भरेपर्यंत त्यांनी नवऱ्याचा लॅपटॉप, मिक्सर आणि माझी गन पाटावर मांडून पूजा केली होती. उशीर झाला म्हणून मी लांबूनच नमस्कार केला, गनवरचं फूल काढलं आणि केस बंद केली.

घरी फोन लावला. "अहो आई, सकाळी गनला कुंकू कुठे लावलंत?"

"कुंकू नाही गं, मारुतीचा शेंदूर. अस्सल आहे, घरून आणलाय. कपाळाला लावला."

"तिला कपाळ कुठंय?"

"पुढे नाही का ते गोल? आणि ती पांढरी चकती देव्हाऱ्यातच राहिलीय तुझी. छान दिसतेय."

मी गनचं नाक टिश्यूने टिपलं. टिश्यूवर लाल डाग आला. जुन्या पद्धतीच्या शेंदरात कधी शिसं असतं, कधी हिंगूळ. आईंचा हिंगूळवाला निघाला. खाणीत पारा शोधायला मी घरून पारा घेऊन गेले होते.

फिल्म बदलली. सँडविच, शून्य. खडी, दहाही ठिकाणी शून्य. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. वेबर यांच्यासमोर उभी राहिले, सगळं सांगितलं आणि माफी मागितली. त्यांनी टिश्यू पाहिला आणि बोगद्याच्या तोंडावरच्या कोनाड्याकडे बोट केलं. तिथे खाणकामगारांची संत बार्बरा हिची मूर्ती होती, पुढे मेणबत्ती.

"तिला हात लावल्याशिवाय मीही आत जात नाही," ते म्हणाले. "पण तिच्याकडून मी मोजमाप करून घेत नाही."

"गेनाऊ," मी म्हटलं. अगदी बरोबर.

रिपोर्टमध्ये 'बिघाडाचं कारण' असा रकाना असतो. मी जे घडलं तेच लिहिलं. फ्राउ हार्टमान यांनी एक अक्षर न बदलता सही केली, आणि आमच्या कामाच्या नियमावलीत एक ओळ वाढवली: धार्मिक विधीनंतर ब्लँक पुन्हा घ्यावा. ती ओळ अजून आहे. नव्या माणसाला तिचा अर्थ मलाच समजावून सांगावा लागतो.

ब्लँक चुकवला की दोष मशीनला लागत नाही, समोरच्या माणसाला लागतो. एवढं मी त्या दिवशी शिकले.

घरी आईंना हात धुवायला लावले आणि शेंदराची पुडी काढून घेतली. "मारुतीला चालतो, आणि तुझ्या त्या ड्रिलला चालत नाही?" म्हणत त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

शनिवारी उद्घाटन ठरल्याप्रमाणे झालं. वेबर यांनी आईंनाही आवर्जून बोलावलं होतं. आई बार्बरापुढे हात जोडून उभ्या राहिल्या आणि त्यांनी पर्समधून डबी काढली. मी आणि वेबर एकदमच पुढे झालो.

"हळद आहे," आई म्हणाल्या. "नुसती हळद. मोजून बघ हवी तर."

गन गाडीत होती. आधी ब्लँक घेतला, मग हळद मोजली.