भाऊचा फोन, माझा आवाज

मी पोस्टमास्तर असताना फोनवर मला सहा वेळा मुलगी झाली, दोनदा माझी सासू वारली आणि एकदा मला नवऱ्यानं टाकलं. सानगडीजवळच्या आमच्या गावात फोन एकच, तोही पोस्टाच्या टेबलावर. लोकांना त्याची भारी धास्ती. रिसीव्हर हातात दिला की कोणी उलटा धरायचं, कोणी आधी त्याला नमस्कार करायचं. म्हणून पद्धतच पडली होती. ज्याचा फोन त्यानं स्टुलावर बसून सांगायचं आणि मी फोनमध्ये ओरडायचं. 'हा असं म्हणतो' वगैरे लावत बसायला ट्रंक कॉलच्या तीन मिनिटांत वेळ कुठला? "मले पोरगी झाली," असं मीच ठोकून द्यायचो. ओरडावं तर लागायचंच, लाइनीत नुसती खरखर.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. पोस्ट माझ्या घराच्याच पुढच्या खोलीत होतं. बाजाराच्या दिवशी दुपारी धानगिरणीवाला भाऊ पोस्टाच्या बोळाकडच्या दारानं आत आला. पन्नाशीचा माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. बायको वारलेली, पोरी सासरी सुखात, गिरणी बरी चाललेली. त्यानं खिशातून पेपराचा तुकडा काढला. मोठ्या शहरातल्या कोण्या संस्थेचा नंबर होता. जीव नकोसा झाला असेल तर फोन करा, असं खाली छापलेलं. कोणासाठी, म्हणून मी विचारलं.

"माह्यासाठी, मास्तर. दिवस उजाडला का वाटते, काहून उजाडला. पण गावात कोनाले कळू देऊ नका."

मी शब्द दिला. कॉल बुक केला, खिडकी लावून घेतली, त्याला टपालाच्या थैल्यांमागे बसवलं. एवढी अक्कल चालवली, पण बाबा रे, तूच बोल, हे मला सुचलं नाही आणि त्यालाही नाही. पद्धत म्हणजे पद्धत!

तासाभरानं लाइन लागली. पलीकडे एक बाई. मी सवयीनं नाव, गाव, जिल्हा सुरू केलं, तर म्हणाली, नाव नाही सांगितलं तरी चालेल, सावकाश बोला. सावकाश! इकडे ऑपरेटर दर तीन मिनिटांनी लाइनीत डोकावायची. मला वाटलं होतं, बाई उपदेश करील, देवाचं नाव घ्या म्हणेल, नाही तर पोलीस तरी पाठवील. तसलं काही नाही. ऐकून घ्यायची, गप्प राहायची, आणखी थोडं विचारायची. मग तिनं सरळच विचारलं, आयुष्य संपवावं असं मनात येतं का? मी चमकलोच. असं कोणी तोंडावर विचारतं? आमच्याकडे माणूस मेला तरी 'तब्येत जास्त आहे, निघा' असं कळवतात. वाकून, हळू आवाजात भाऊला तोच प्रश्न विचारला. त्याला राग आला नाही. उलट खांदे सैल झाले, डोळ्यांतून पाणी आलं. "हो म्हना," म्हणाला.

"हो!" मी बोंबललो. "मले जगावं वाटत नाही! घरात बोलाले कोनी नाही! जेवन जात नाही!"

प्रश्न हळू आणि उत्तरं मोठ्यानं, असा तो सगळा कारभार. खिडकीबाहेर पोस्टकार्डासाठी थांबलेल्या बाजारकरूंनी उत्तरं तेवढी ऐकली. भिंतीपलीकडे भात वाढून बसलेल्या माझ्या बायकोनंही ऐकली. शेवटी बाईनं सांगितलं, आज एकटे राहू नका, कोणाला तरी सोबत घ्या, डॉक्टरांना भेटा आणि वाटेल तेव्हा पुन्हा फोन करा. मी संध्याकाळी येतोच, असं भाऊला बजावून त्याला बोळाकडच्या दारानं काढलं.

खिडकी उघडली तर अख्खा बाजार बाहेर. सरपंच दाराशी. बायको पदर तोंडाला लावून उभी. "घरात बोलाले कोनी नाही, म्हने! मंग मी कोन आहो?" काय सांगणार? शब्द दिला होता. मी गप्प बसलो आणि ती कबुलीच ठरली.

लगेच पारावर बैठक बसली. मास्तरला एकटं सोडायचं नाही, असं ठरलं. आणि काय सांगू, सोडलंच नाही! सकाळी डबा घेऊन परसाकडे निघालो तरी वीस पावलं मागे एक जण खोकत यायचा. शाळेचे गुरुजी रोज एक विनोद सांगायचे आणि शेवट विसरायचे. बायको जेवताना समोर बसून इतकं बोलायची की घास गिळायला फुरसत नाही. डोकं भणभणायचं माझं. संध्याकाळची पाळी कोण घेतो, असं त्या बैठकीत सरपंचांनी विचारलं तेव्हा भाऊ उभा राहिला. मास्तरले माह्याकडे बसवत जा, म्हणाला. वा रे पठ्ठ्या, मी मनात म्हटलं.

गिरणीच्या ओट्यावर आम्ही रोज बसायचो. चहा तो करायचा. मी गावाच्या नावानं बोटं मोडायचो, तो ऐकायचा. एकदा हसला. मग हळूहळू तोही बोलायला लागला. मास्तरला दाखवायचं म्हणून तो मला भंडाऱ्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. मी बाहेर बसलो आणि आत तो गेला. गोळ्या सुरू झाल्या. दर मंगळवारी भाऊ माझ्या सोबतीला म्हणून आत बसायचा आणि त्या संस्थेला फोन व्हायचा, तेव्हा रांग आपणहून पार कडुनिंबापर्यंत मागे सरकायची. चूप बसा, मास्तर बोलून राहिले, असं लोक एकमेकांना दटावायचे. तिसऱ्या मंगळवारी भाऊनं रिसीव्हर माझ्या हातातून घेतला.

पोळा झाल्यावर सरपंचांना वाटलं, मास्तर सुधारला. पुन्हा बैठक. पहारा उठवायचा ठरलं. मला तर तिथंच नाचावंसं वाटलं. तुमचीही सुटका झाली आता, असं सरपंच भाऊला म्हणाले. भाऊनं मान हलवली. टोपी काढली, झटकली, परत घातली. त्याचा चेहरा पाहिला आणि माझ्या लक्षात आलं, उद्या संध्याकाळी हा त्या ओट्यावर एकटा बसणार.

मी उभा राहिलो. "मले अजून बरं वाटत नाही," म्हटलं.

बायकोनं कपाळावर हात मारला. भाऊनं माझ्याकडे पाहिलं.

"काही हरकत नाही, मास्तर," तो म्हणाला. "मी आहो ना."

भाऊ त्यानंतर चौदा वर्षं जगला. तितकी वर्षं मी आजारी राहिलो.